धातूंची सीनिऑरिटी

लोखंड ही वस्तू माणसाला कधीच पुरेशी वाटलेली नाही. घरात विळी लोखंडाची, तवा लोखंडाचा, कपाट लोखंडाचं आणि त्या कपाटाचं कुलूपही लोखंडाचं. एवढ्यावर संसार व्यवस्थित चालतो. पण गोष्ट लढाईची निघाली की तोच माणूस म्हणतो, "छे, लोखंड काय, कुणाकडेही असतं!" मग त्याला विजेचं लोखंड लागतं, पिसासारखं हलकं चिलखत लागतं, दगड कापणारी तलवार लागते. दधीची ऋषींना तर याच पायी स्वतःची हाडं द्यावी लागली. इंद्राच्या कोठारात धातूचा तुटवडा होता असं नाही. पण वृत्रासुरासारख्या गिऱ्हाइकापुढे साधा माल ठेवून चालत नाही.

ही खोड अजून गेलेली नाही, हे मला आमच्या चिरंजीवांच्या मोबाइलवरून कळलं. 'रूनस्केप' नावाचा एक खेळ आहे. इंग्लंडमधल्या अँड्र्यू आणि पॉल गोवर या भावांनी तो २००१ सालच्या जानेवारीत सुरू केला. जगभरातली माणसं एकाच वेळी एका काल्पनिक मुलखात उतरतात, खाणी खणतात, धातू गाळतात, तलवारी ठोकतात आणि त्या घेऊन राक्षसांच्या अंगावर जातात. पुढे खेळात इतक्या सुधारणा झाल्या की लोकांना जुन्याची आठवण येऊ लागली. तेव्हा २००७ सालचा अवतार २०१३ साली पुन्हा सुरू करण्यात आला आणि २०१८ पासून तो मोबाइलवरही आला. चिरंजीव हा जुना अवतार खेळतात. म्हणजे त्यांच्या जन्माच्या आधीचा खेळ आहे, आणि मला मात्र ते 'जुन्या काळातले' म्हणतात.

मी पोटापाण्यासाठी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणानं बी.कॉम. आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला, तो दोघांच्याही संमतीनं. पण त्या खेळातली धातूंची यादी पाहिली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कासं, लोखंड, पोलाद, मिथ्रिल, अ‍ॅडमंट आणि रून. अहो, ही तर आमची सीनिऑरिटी लिस्ट! शिपाई, क्लार्क, हेड कॅशियर, ऑफिसर, मॅनेजर आणि झोनल मॅनेजर. कासं आणि लोखंड कुणीही अंगावर घालावं. पोलादाच्या चिलखताला बचावाची पाचवी पायरी लागते, मिथ्रिलला विसावी, अ‍ॅडमंटला तिसावी, रूनला चाळिसावी. शिवाय प्रत्येकाचा रंग वेगळा. मिथ्रिल निळं, अ‍ॅडमंट हिरवं, रून समुद्राच्या रंगाचं. म्हणजे समोरचा माणूस कोणत्या ग्रेडचा आहे ते लांबूनच कळावं आणि नमस्कार किती वाकून करायचा ते ठरवता यावं. आमच्याकडे हे काम केबिनचा पडदा करतो.

तेव्हा मी ठरवलं, या मंडळींची सर्व्हिस बुकं एकदा उघडून पाहायची. कोण कुठून आला, बढती कशाच्या जोरावर मिळाली, आणि कुणावर अन्याय झाला.

पहिलं कासं. खेळात तांब्याचा एक दगड आणि कथलाचा एक दगड भट्टीत टाकला की काशाची कांब तयार. व्यवहारात ही भागीदारी निम्मी-निम्मी नसते. हत्यारासाठी साधारण नऊ-दहा भाग तांबं आणि एक भाग कथील. निम्मं-निम्मं घातलं तर तलवार पहिल्याच घावाला काचेसारखी फुटेल. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून इथं १९८२ साली एक बुडालेलं जहाज सापडलं. ते इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरचं. पोटात माल काय, तर सुमारे दहा टन तांबं आणि सुमारे एक टन कथील! त्या जहाजावर जो कुणी हिशेबनीस असेल त्याला माझा दंडवत. तेहतीसशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही ज्याचा माल प्रमाणाला जुळतो, त्याचं ऑडिट आणखी कुणी काय करणार? ट्रॉयच्या लढाईतले होमरचे वीर याच धातूच्या जोरावर लढले. आज त्याच काशाच्या वाटीनं आमच्या सासूबाई तळपायाला तूप चोळतात. निवृत्तीनंतर मोठ्या माणसांचं काय होतं, ते यावरून समजून घ्यावं.

दुसरं लोखंड. खेळात लोखंडाचा दगड भट्टीत टाकला तर निम्म्या वेळा हाती काहीच लागत नाही. याचा चिरंजीवांना फार संताप येतो. मला मात्र हा सगळ्या खेळातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंडाला १५३८ अंश लागतात. जुन्या भट्ट्यांत ते वितळायचंच नाही. स्पंजासारखा गोळा व्हायचा आणि तो ठोकून-ठोकून मळी बाहेर काढावी लागायची. हे तंत्र साधण्यापूर्वी माणसाला आयतं लोखंड मिळायचं ते फक्त आकाशातून. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या अंगावर गुंडाळलेल्या पट्ट्यांत एक लोखंडी खंजीर सापडला. २०१६ साली तपासणी झाली तेव्हा निकेलच्या प्रमाणावरून नक्की ठरलं, की ते उल्केचं लोखंड आहे. सोन्याच्या शवपेटीत निजलेल्या राजानं मांडीशी जपून काय ठेवलं, तर लोखंड!

आपल्याकडे जहांगीर बादशहाची हकीकत आहे. १६२१ सालच्या एप्रिलमध्ये जालंदरजवळ आभाळातून एक तप्त गोळा पडला. बादशहानं तो खणून मागवला, समोर तोलला. भरला १६० तोळे. उस्ताद दाऊद यांना हुकूम झाला, याची तलवार करा, खंजीर करा, सुरी करा. पण ते लोखंड घणाखाली टिकेना, त्याचे तुकडे पडू लागले. शेवटी तीन भाग आकाशातलं आणि एक भाग बाजारातलं असं मिसळलं, तेव्हा कुठे दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी झाली. ही हकीकत बादशहानं स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे आणि त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मला यातली व्यवहाराची बाजू आवडते. अर्जदार थेट स्वर्गातून आला असला, तरी स्थानिक जामीनदाराशिवाय काम होत नाही.

इथवर सगळे निदान हाताला लागणारे धातू. अ‍ॅडमंटपासून मात्र कागदपत्रं संशयास्पद होऊ लागतात. शब्द ग्रीक, अर्थ 'ज्याच्यावर मात करता येत नाही ते'. हेसिअड नावाच्या प्राचीन कवीनं सांगितलं आहे की पृथ्वीमातेनं करड्या अ‍ॅडमंटचा कोयता केला आणि तो मुलाच्या हाती दिला, तो बापाविरुद्ध वापरायला. (हा भाग मी चिरंजीवांना वाचून दाखवला नाही.) पुढे याच शब्दापासून इंग्रजीतला 'डायमंड' झाला. हा धातू कुणी पाहिला नव्हता, तोलला नव्हता, आणि म्हणूनच तो कधी मोडला नाही. ज्या खात्यात व्यवहारच होत नाहीत, त्यात चूक कशी सापडणार?

त्याचा भाऊ ओरिकॅल्कम. २०१९ सालच्या जानेवारीत खेळाच्या नव्या अवतारात रूनच्याही वर आणखी पायऱ्या बांधल्या गेल्या, त्यांत या नावाची एक आहे. हे नाव प्लेटोनं गाजवलं. समुद्रात बुडालेल्या अटलांटिसमध्ये सोन्याच्या खालोखाल याच धातूचा मान होता आणि तिथल्या भिंती त्यानं झळाळत, असं तो सांगतो. तेव्हापासून लोक विचारत होते, हा धातू गेला कुठे? तर तो रोमच्या बाजारात खुर्दा म्हणून फिरत होता! ऑगस्टस बादशहाच्या राज्यात याच नावाच्या धातूची नाणी पडली, आणि तो धातू म्हणजे तांबं आणि जस्त. पुढे सिसिलीतल्या जेला गावाजवळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. २०१५ च्या सुरुवातीला बातमी आली, की त्यात धातूच्या ३९ लगडी मिळाल्या. तपासल्या, तर ७५ ते ८० टक्के तांबं आणि १५ ते २० टक्के जस्त. म्हणजे काय? म्हणजे आमच्या माळ्यावरची घागर! चोवीसशे वर्षांनी का होईना, अटलांटिसचं पितळ उघडं पडलं.

पण हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होऊन उडून जातं. त्यामुळे त्या काळी पितळ करणाऱ्यालासुद्धा आपण तांब्यात काय मिसळलं ते सांगता येत नसे. एक विशिष्ट दगड कुटून, कोळशाबरोबर तांब्याला लावून तापवला की तांबं सोन्यासारखं पिवळं होतं, एवढंच त्याला ठाऊक. जमेच्या बाजूला रक्कम दिसते आहे, पण कुठून आली त्याचं व्हाउचर नाही. अशा वेळी आम्ही 'सस्पेन्स अकाउंट' म्हणतो. प्राचीन लोक 'जादू' म्हणत.

मिथ्रिलचं मात्र व्हाउचर अगदी चोख आहे. तो धातू ऑक्सफर्डमध्ये जे. आर. आर. टॉल्किन नावाच्या प्राध्यापकांच्या टेबलावर तयार झाला. गृहस्थ भाषांचे अभ्यासक. आधी भाषा रचायच्या आणि मग त्या बोलायला माणसं हवीत म्हणून गोष्टी रचायच्या, असा त्यांचा उलटा खाक्या. त्यांच्या एका काल्पनिक भाषेत 'मिथ' म्हणजे करडा आणि 'रिल' म्हणजे चकाकी. गंमत अशी, की १९३७ साली त्यांचं 'द हॉबिट' निघालं तेव्हा त्यात मिथ्रिल नव्हतंच. होतं ते रुपेरी पोलादाचं चिलखत. मिथ्रिल आलं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, १९५४ साली. मग १९६६ सालच्या आवृत्तीत त्यांनी जुन्या पुस्तकातही नोंद बदलून मिथ्रिल घातलं. लेखकांना मागच्या तारखेनं नोंद करता येते. आमच्याकडे असं केलं तर घरी बसवतात.

या चिलखताची किंमत पुस्तकात दिली आहे : ते घालणाऱ्याचा अख्खा प्रांत विकला तरी भरून येणार नाही इतकी. आणि तो बिचारा ते सदऱ्याखाली घालून डोंगर चढतो आहे! विमा नाही, लॉकर नाही. पुढे १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा खेळ निघाला आणि असल्या धातूंना हक्काचं घर मिळालं. तिथून ते संगणकाच्या खेळांत उतरले. आज चिरंजीवांना मिथ्रिलबद्दल विचारलं तर ते म्हणतात, "बाबा, मिथ्रिल काय, कुणीपण घालतं." सगळ्या प्रांताहून मौल्यवान असलेला धातू साठ-सत्तर वर्षांत विसाव्या पायरीवर आला. महागाई रुपयालाच खाते असं नाही.

सर्वांत वर रून. याचा हिशेब मी रीतसर मांडला. एका कांबीला रूनाइटचा एक दगड आणि कोळशाचे आठ. छातीच्या एका चिलखताला पाच कांबी. म्हणजे चाळीस कोळसे. रूनाइटचा दगड एकदा खणला की पुन्हा उगवायला बारा मिनिटं. चिलखत ठोकायला लोहारकामाची नव्व्याण्णवावी पायरी लागते आणि त्या पायरीसाठी गुण लागतात एक कोटी तीस लाख चौतीस हजार चारशे एकतीस. बरं, घालायला? चाळिसावी पायरी आणि एक ड्रॅगन मारल्याचा दाखला. थोडक्यात, करणाऱ्यानं जन्म घालवायचा आणि घालणाऱ्यानं महिन्याभरात मिरवायचं. खेळ काल्पनिक असला तरी खेळ करणारे या जगातलेच होते, याबद्दल माझी खात्री पटली.

आणि एवढं करून त्या चिलखताचं होतं काय? पुष्कळ चिलखतं कुणी अंगावर घालतच नाही. मंत्र टाकला की चिलखत नाहीसं होतं आणि एकोणचाळीस हजार नाणी हातात पडतात. शिवाय खेळात बँक आहे. तिथं चिलखत ठेवता येतं आणि काढताना चिलखताऐवजी त्याची नोट घेता येते! शंभर चिलखतांची नोट एका खिशात. रांग नाही, केवायसी नाही, 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' नाही. तिथल्या कारकुनाची प्रकृती पाहून मला हेवा वाटला. वीस-पंचवीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, पण कंबर धरलेली दिसत नाही.

आता राहिलं पोलाद. यादीत तिसरं, पाचव्या पायरीचं, ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही ते. सर्व्हिस बुकं चाळताना अन्याय झालेला इसम सापडला तो हा. कारण या सगळ्या यादीत खरोखर जादूचा म्हणावा असा धातू हाच होता आणि तो आपल्या शेजारी तयार होत होता.

दक्षिण भारतातले लोहार मातीच्या लहानशा मुशीत लोखंडाचे तुकडे घालत, वर तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं घालत, तोंड मातीनं बंद करत आणि भाता मारत तासन्‌तास तापवत. मग सावकाश निवू देत. मूस फोडली की पोलादाचा गोळा. कानडीत त्याला 'उक्कु' म्हणत, त्याचं साहेबानं 'वूट्झ' केलं. सालेम, म्हैसूर आणि तेलंगण ही त्याची मोठी ठिकाणं. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम या खेड्यात तर इराणचे व्यापारी स्वतः येऊन हा माल नेत. याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. युरोपनं या तलवारी दमास्कसकडे पाहिल्या, म्हणून नाव पडलं दमास्कसचं. शनिवारी मारुतीला वाहतो ती रुई आणि माळावर माजतो तो तरवड. नाव मात्र सीरियाचं!

१७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. तिथं ते पुढे मायकेल फॅरडेच्या हातात पडले. विजेमुळे गाजला तोच हा फॅरडे, लोहाराचा मुलगा. जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराला जोडीला घेऊन १८१९ ते १८२२ या काळात त्यानं पोलादात चांदी घालून पाहिली, प्लॅटिनम घालून पाहिलं. पण वूट्झचं गुपित उलगडलं नाही. आणि एकोणिसाव्या शतकात इथली कलाही हळूहळू मेली. १९९८ साली जॉन व्हरहोवेन हे अमेरिकन संशोधक आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी सांगितलं, की काही खनिजांत व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा नखाएवढा अंश असे, त्यामुळे ती नक्षी उमटे. ते खनिज संपलं आणि नक्षीही गेली. २००६ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी सतराव्या शतकातली एक तलवार सूक्ष्मदर्शकाखाली घातली, तर आत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या दिसल्या. ती तलवार असदुल्ला नावाच्या कारागिराची मानली जाते. ठोकणाऱ्याचं नाव राहिलं. पोलाद गाळणाऱ्याचं कुठेच नाही. खनिज कोणत्या टेकडीचं, पानं किती, भाता किती तास मारला, हे सारं त्याच्या हाताला पाठ होतं आणि हाताबरोबर गेलं.

सगळी बुकं चाळून माझ्या कारकुनी डोक्याला एवढंच कळलं : जादूचा धातू म्हणजे ज्याचा हिशेब हरवला आहे अशी मेहनत. पितळेतलं जस्त दिसत नव्हतं, तोवर ते ओरिकॅल्कम. मुशीपुढचा माणूस दिसत नव्हता, तोवर ती दमास्कसची करामत.

आणि म्हणूनच या खेळाचं वेड मला आता थोडं समजतं. तिथं एक घाव घातला की लगेच गुण जमा होतात. कुणी खाडाखोड करत नाही, कुणी आपल्या नावावर लावून घेत नाही. एक कोटी तीस लाखांपैकी एकही गुण गहाळ होत नाही. आमच्या शाखेत हे झालं असतं, तर मी आज नव्व्याण्णवाव्या पायरीवर असतो.

अर्थात हिशेब चोख असला म्हणजे पोट भरतंच असं नाही. व्हेनेझुएलात २०१८ साली महागाई त्यांच्याच मध्यवर्ती बँकेच्या आकड्यानुसार एक लाख तीस हजार टक्क्यांवर गेली. पगार हातात येईपर्यंत त्याचा कागद होई. तेव्हा तिथले कित्येक तरुण याच खेळात दिवसदिवस हिरवे ड्रॅगन मारत बसले, मिळालेली खोटी नाणी परदेशी खेळाडूंना खऱ्या डॉलरांत विकली आणि त्यावर घरात धान्य आणलं. खेळाच्या नियमांत हे बसत नाही, आणि त्यांना हुडकून मारणारे खेळाडूही निघाले. दूर देशी कुणी तरी रूनचं चिलखत घालून मिरवतो, आणि त्याच्या नाण्यांमागे एक उपाशी पोरगा बसलेला असतो. त्याचंही नाव चिलखतावर नसतं. कोनासमुद्रमच्या लोहाराला त्याची ओळख लगेच पटली असती.

हे मी चिरंजीवांना सांगितलं. मोबाइल खाली न ठेवता, पण खरोखर ऐकून, ते म्हणाले, "बाबा, ते कोनासमुद्रम नकाशावर आहे?"

"आहे की. नांदेडला आत्याकडे उतरायचं आणि सीमा ओलांडून पुढे जायचं."

"तिथं बघायला काय आहे?"

"फुटक्या मुशींचे तुकडे आणि मळी."

जरा विचार करून त्यांनी विचारलं, "आणि लेव्हल किती लागेल?"

म्हटलं, "लेव्हल नाही, एस.टी.चं तिकीट लागेल. पहिल्या पायरीचा माणूसही चालतो."